खाटेवर मी आहे!

५ ऑगस्ट २०२५

त्याच हॉस्पिटलातून फोन! मुलुंडचं, जिथे हे गेले. सुलक्षणा नावाची सिस्टर. "काकू, शेवटच्या आजारात काय हवं, काय नको, हे पेशंटशी आणि घरच्यांशी वेळेत कसं बोलायचं ते आम्ही स्टाफला शिकवतोय. तुमचा अनुभव सांगाल?"

आता शिकताय! ह्यांच्या घशात नळी घातली तेव्हा कुठे होती ही शाळा? पॅसेजमध्ये डॉक्टर आणि आमचा लेक नितेश कुजबुजत होते. मी जवळ गेले तर डॉक्टर म्हणे, "मावशी, तुम्ही जरा चहा घेऊन या." आले तोवर नळी बसली होती. पुढे हे एक शब्द बोलले नाहीत. तसेच गेले.

येणार नाही म्हटलं.

६ ऑगस्ट

जाणार. चार शब्द सुनावायला तरी जाणार.

९ ऑगस्ट

गार हॉल, सामोसे आणि छापील कागद — 'रुग्णकेंद्रित संवाद'. चौथीत शाळा सुटली माझी, पण वाचनालयातलं एक कपाट सोडलं नाही. तरी सांगते, असं मराठी कुणी कुणाशी बोलत नाही!

सरावासाठी मी पेशंट. खाटेवर झोपवलं. एक वॉर्डबॉय माझा मुलगा झाला. देवदत्त नावाचा तरणा डॉक्टर आला आणि थेट त्या 'मुला'कडे वळला. "पेशंटला एवढ्यात काही सांगू नका हं, धीर सुटेल."

मी ताडकन उठून बसले. "ए बाबा, खाटेवर मी आहे! मला विचार ना!"

सगळे हसले. मी नाही. "कर परत," म्हटलं आणि आडवी झाले. परत चुकला. परत करायला लावलं. शेवटी स्टूल ओढून जवळ बसला. "मावशी, तुम्हाला कशाची भीती वाटते?"

मेल्यांनो, एवढंच तर विचारायचं होतं!

१२ ऑगस्ट

माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे, गणपती झाले की. जेवताना नितेशला म्हटलं, बिघडलंच काही तर मला मशीनवर ठेवू नका. ताट सरकवून उठला. "आई, अभद्र बोलू नकोस!"

श्वेता म्हणाली, "अहो, बोलू द्या ना त्यांना." तर बायकोवरच डाफरला.

मी काय गणपतीची मूर्ती आहे? न विचारता उचलायची नि बुडवायची?

१४ ऑगस्ट

सुलक्षणा म्हणते, कागद करून ठेवता येतो. मला बोलता आलं नाही तर माझ्या वतीने कोण बोलेल, त्याचं नाव द्यायचं. श्वेताचं देणार. पोटचा ऐकत नाही ना? राहू दे!

१७ ऑगस्ट

नितेशला कळलं. घर डोक्यावर घेतलं. "लोक काय म्हणतील? मुलगा असताना सून?"

मीही ओरडले. "तुझ्या बापाला कुणी विचारलं नाही! मला तरी विचारू देत!"

तो चपला घालून निघून गेला.

१८ ऑगस्ट

सकाळी आला. उभ्या उभ्याच बोलला. "बाबांनी मला आधीच सांगितलं होतं, नळ्या नकोत, घरी ने. डॉक्टरांनी विचारलं, त्यांनी काही इच्छा सांगितली होती का? मी नाही म्हटलं. घरी आणल्यावर गेले असते तर सगळे म्हणाले असते, पोराने मारलं. तूसुद्धा. — तुला चहाला पाठवा, असं मीच सांगितलं होतं."

कागदावर नाव नितेशचंच घातलं. श्वेता बघत राहिली.

त्याला एवढंच म्हटलं — या वेळी पॅसेजमध्ये नाही. माझ्या खाटेपाशी उभा राहून माझं म्हणणं सांगायचं.