नाताळचा अंक आला की

२ सप्टेंबर २०१३, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. मी आठवीपर्यंतच शिकले, पण अक्षर बरं आहे. आमचे हेच म्हणाले तसं. म्हणून कॉमिकची यादी माझ्याकडे आली.

हे म्हणजे प्रबोध. आयटीत आहेत. ह्यांना जुन्या इंग्लिश विनोदी कॉमिकचा नाद. लंडनहून टपालाने मागवतात. इथे सिंगापूरला, बेडोकच्या फ्लॅटात दोन बेडरूम, त्यातली एक कॉमिकची, पत्र्याच्या डब्यांनी भरलेली.

काल मे महिन्याचा अंक जूनच्या मागे गेला. ह्यांनी वरणाचं पातेलं भिरकावलं. माझ्या कानाजवळून गेलं, भिंतीवर आपटलं. म्हणजे नेम माझ्यावर नव्हता. स्वभाव वाईट नाही ह्यांचा. अंक ओळीत नसले की डोकं फिरतं एवढंच. ओळीत लावले की विषय संपला.

निश्चय: गणपतीच्या आत सगळे डबे ओळीत.

५ सप्टेंबर
यादीचं कळायला लागलं. तारीख, नंबर, पान फाटलंय का, पिना गंजल्यात का. इंग्लिश जमत नाही, पण चित्रं कळतात. एक बटाट्याच्या नाकाचा मास्तर आहे. शेवटच्या चौकोनात तो पोरांना छडीने झोडतो. दोन जुळ्या बहिणी आहेत, त्या पोलिसाच्या टाळक्यात वीट घालतात. टेंगूळ येतं, भोवती चांदण्या फिरतात. पुढच्या अंकात टेंगूळ नाही, चांदण्या नाहीत, सगळे ठणठणीत. मला हे फार आवडलं. असंच असतं. माझा मागच्या आठवड्यातला डोळासुद्धा काळ्याचा पिवळा झालाय.

शेजारच्या मेई लिंग आँटी केक घेऊन आल्या. डोळ्याचं विचारलं. म्हटलं, किचनच्या कपाटाचं दार लागलं. त्या म्हणाल्या, त्यांचं किचन अगदी असंच आहे, आणि ते दार जेमतेम खांद्यापर्यंत येतं. एकट्या राहतात बिचाऱ्या. दुसऱ्यांची दारं मोजतात.

११ सप्टेंबर
दीड दिवसाचा गणपती झाला. बादलीत विसर्जन केलं. डबे झाले नाहीत. माझा दोष नाही, अवनीला ताप होता. अवनी आमची मुलगी, पाच वर्षांची.

त्यात मी हवा कोरडी करायचं मशीन बंद ठेवलं होतं, बिल कमी यावं म्हणून. कागदाला दमट वास लागला. ह्यांनी माझे केस धरले आणि तोंड डब्यात दाबलं, म्हणाले हुंग. नाक पत्र्याच्या कडेवर आपटलं. रक्त अंकावर पडू नये म्हणून मी पटकन मान वळवली. तेवढं बरं सुचलं.

सकाळी हेच खाली हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर जाऊन प्राटा, म्हणजे इथला पराठा, घेऊन आले. माझ्यासाठी अंडं घातलेला. मारल्यावर प्राटा आणणारा माणूस वाईट कसा असेल?

निश्चय: मशीन बंद करायचं नाही. दसऱ्याच्या आत डबे.

२४ सप्टेंबर
आनंदाची बातमी. १९५८ सालात एकच अंक कमी होता, नाताळचा. तो एका म्हाताऱ्या गोऱ्याकडे मिळाला. टपालात पडलासुद्धा. रात्री जेवताना हे स्वतःहून बोलले, "तो एक अंक आला ना, की मला आयुष्यात काही नको."

मी ऐकून ठेवलं. अंक आला की सगळं शांत.

डबा नंबर अकरा लावून झाला. तळाला माझा आणि अवनीचा पासपोर्ट, कॉमिकसारखाच प्लास्टिकच्या पाकिटात. तोही यादीत लिहिला. पिना नाहीत, पानं पूर्ण. किती व्यवस्थित माणूस. आँटी म्हणतात बायकोचा पासपोर्ट बायकोकडे पाहिजे, आणि काही झालं तर भिंत ठोक. मी हसले. भिंत ठोकली तर ह्यांना आवाजाचा त्रास होईल.

४ ऑक्टोबर
शाळेतून फोन. अवनीने एका मुलाला पाण्याच्या बाटलीने मारलं. बाहुल्यांनासुद्धा ओळीत बसवते आणि डावाने मारते. इथल्या पोरांसारखं म्हणते, "राँग नंबर, लाह." हा कॉमिकचा परिणाम. तिने अजून एकही बघितलेलं नाही, ती खोली बंदच असते. पण मुलं कुठूनही शिकतात.

निश्चय: डाव वर ठेवायचा.

१३ ऑक्टोबर, दसरा, सकाळी
झालं! शेवटचा डबाही लागला. आणि परवा नाताळचा अंक आला. मुखपृष्ठावर मास्तर सांताक्लॉज झालाय आणि पोत्यात छड्या आहेत.

आमच्याकडे जुन्नरला दसऱ्याला वह्यापुस्तकं पूजतात. ह्यांच्याकडे कोण पूजणार? आज मी पूजली. पाटावर अंक ठेवला, पाकिटातून काढून, देवाला प्लास्टिक कशाला. हळदकुंकू वाहिलं, गंधाचं बोट लावलं, टेक्का मार्केटातला झेंडू ठेवला. कुंकू मास्तरच्या नाकावर छान बसलंय. वर नवा रुमाल झाकला. हे आंघोळीला गेलेत. आले की रुमाल काढणार. खूश होतील.

१७ ऑक्टोबर, आँटींचं घर
डाव्या हाताने लिहिते. उजवा प्लॅस्टरात.

हे आंघोळ करून आले. चहा गार झाला होता. गरम करते म्हटलं. कप फोडला. माझा हात दाराच्या फटीत धरला आणि दार लावलं. परत उघडलं, परत लावलं. अवनी मध्ये आली. तिला लाथ बसली. लहान आहे, लांब उडाली. डोकं फरशीवर आपटलं. चांदण्या वगैरे काही नाही. नुसती गप्प पडली.

मी भिंत ठोकली.

पोलीस ह्यांना घेऊन गेले. अवनीला टाके पडले. आता बोलते, खाते. रात्री दिवा बंद करू देत नाही.

पोलीसबाईला मी सांगितलं, चूक माझी. एवढा महागाचा अंक, त्यावर कुंकू लावलं. कोणालाही राग येईल. आज सकाळी आँटींनाही तेच सांगत होते. कुंकू कागदावरून निघत नाही, असं तसं.

आँटी म्हणाल्या, "ही सी ऑर नॉट?"

म्हणजे, त्याने ते कुंकू बघितलं तरी का?

दुपारी पोलीसबाईबरोबर कपडे आणायला गेले. मशीन चालू. डबे सगळे ओळीत. अकरा नंबरातून पासपोर्ट काढले, शोधावे लागले नाहीत. पाटावर रुमाल होता तसाच, मी झाकलेला. कोणी हात लावलेला नाही.

रुमाल काढला. झेंडू काळा पडलाय. अंक पाकिटात घालून डब्यात ठेवणार होते, सवयीने. एका हाताने पाकीट उघडेना.

राहू दिला.