नव्या मशीनला पत्रा नाही

६ जाने. ८६
कॉम्प्युटरसाठी आकडे भरण्याच्या हॉलमध्ये पाच नवी मशिनं आली. माझं जुनं जड मशीन शेजारच्या टेबलावरच्या मालूला दिलं, मला नवं हलकं. मधला ५ दाबला की बटण नुसतं खाली जात राहतं, तळ लागत नाही. जरा जोर दिला की ५५ उमटतं. दिवसभर हेच.
साहेबांनी चुकांचा कागद सगळ्यांसमोर वाचला. पहिलं नाव माझं. "बाई, हा टाइपरायटर नाही."
हे मशीन काय नाही ते मला कळतं.

९ जाने.
कंपनीचा माणूस आला. टाय वगैरे. मशीन उघडलंच नाही, वरून बोटं फिरवली. "मशीन ठीक है सर. माताजी हथौड़ा चलाती हैं." साहेब पोट धरून हसले.
मी जोरात मारते हे खरं. पाच कार्बनखाली अक्षर उमटवायला शिकलेला हात आहे. पण ह्याच हाताने जुन्या मशीनवर दोन वर्षं काम केलं, एक तक्रार नाही. हे तिथे सुचलं नाही. घरी येऊन भिंतीला सांगितलं. ह्यांचा फोटो त्या भिंतीवर नाही, मुद्दामच लावलेला नाही.

१० जाने.
मेमो. महिनाअखेर चुका कमी न झाल्यास आवक-जावकला बदली.
म्हणजे पाकिटांना तिकिटं चिकटवायची, रिटायर होईपर्यंत. हे ऑफिसात टाइपरायटर दुरुस्त करायचे. ते गेल्यावर मला घेतलं तेव्हाही हेच साहेब म्हणाले होते, बाईंना आवक-जावकला बसवा, तेवढं झेपेल. मी टायपिंगची परीक्षा देऊन आले. सहा वर्षं झाली. साहेब विसरले नाहीत. मीही नाही.

१२ जाने., रविवार
बर्डीच्या बाजारात फुटपाथच्या पुस्तकांत कीबोर्डवरचं एक इंग्रजी चोपडं सापडलं. डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं. काही पानं तीनदा.
समजलं ते असं. एका जातीत प्रत्येक स्विच आधी स्टीलच्या पत्र्यात घट्ट बसवतात, मग खालच्या सर्किट बोर्डाला कथील वितळवून झाळतात. बोटाचा मार पत्रा घेतो. सगळी बटणं सारखी लागतात. दुसऱ्या जातीत पत्राच नाही, स्विच सरळ बोर्डावर. स्वस्त पडतं. हाताला मऊ लागतं, पण बोर्ड मधोमध लवतो.
५ मधोमधच आहे.
हे असते तर दोन मिनिटांत सांगितलं असतं, आणि चहा मागितला असता.

१६ जाने.
बायकांचं हळदीकुंकू जेवणाच्या सुट्टीत, कँटीनमध्ये. मला बोलावणं नसतं. दर वर्षी त्या तासाला मी हॉलमध्ये पुस्तक वाचते, आणि सगळ्या मी दिसलेच नाही असं करून जातात. आज ह्यांचे स्क्रू काढायचे पेचकस आणले होते.
मालूचं, म्हणजे माझं जुनं, आधी उघडलं. पत्रा आहे. जाड, काळा. नव्यात पत्रा नाही. चार कोपऱ्यांत चार स्क्रू आणि मधे पोकळ. अंगठ्याने दाबलं तर बोर्ड पापडासारखा वाकला.
टाइपरायटरखाली घालायचा जाड लोकरी नमदा ह्यांच्या पेटीत होता. तुकडे करून बोर्डाखाली मधे दाबून बसवले.
आणखी एक. पत्रा असला की स्विचचं झाकण त्यात अडकतं, झाळ काढल्याशिवाय उघडत नाही. पत्रा नाही म्हणून इथे दोन टाचण्यांनी उघडलं. आतली स्प्रिंग अगदीच लेचीपेची. बॉलपेनच्या स्प्रिंगा कापून ४, ५, ६ मध्ये घातल्या. ज्या काटकसरीला शिव्या दिल्या तिनेच दार उघडं ठेवलं होतं.
मालू वाण घेऊन मधेच परत आली. "हे काय करून राहिल्या वैनी?" मग दाराशी जाऊन बाहेर नजर ठेवून उभी राहिली.

१७ जाने.
५ दाबला. एकदाच उमटला.
साहेबांनी आज चुकांचा कागद वाचला नाही.

२२ जाने.
कंपनीचा माणूस पुन्हा आला. मशीन उलटं केलं, सील तुटलेलं दिसलं. "किसने खोला?" हॉलमध्ये कोणी मान वर केली नाही. साहेबांचा चेहरा सणासारखा खुलला.

२३ जाने.
दुसरा मेमो. सरकारी मशीन आपण उघडले काय, सोमवारी लेखी खुलासा द्यावा.
नाही लिहिलं, तर आधीच्या चुका माझ्या हाताच्या ठरतात. हो लिहिलं, तर पत्रा नाही हे सांगता येतं, आणि मोडतोडही माझ्याच नावावर. साहेबांनी पहिल्यांदा डोकं वापरलेलं दिसतं.

२४ जाने.
मालू पाणी प्यायच्या निमित्ताने आली. "वैनी, सोमवारी बायका पुन्हा हळदीकुंकू करून राहिल्या. चांगलं सव्वा तास. तुमाले बोलावणार नाही."
मी म्हटलं, "ते मला सांगायला आलीस होय?"
"काहून चिडता? बाकीची चारही नवी मशिनं तशीच मोकळी सोडून जाणार हाये सगळ्या. पेचकस घेऊन या, एवढंच सांगते."
मग हळूच, "त्यायचाही ५ दोनदा उमटते. पण साहेबापुढं बोलन कोन?"
मी हो म्हटलं नाही. सहा वर्षं कुंकवाच्या ताटाआडून बघितलंय ह्या बायकांनी. आता बोटं दुखायला लागल्यावर आठवण झाली.

२६ जाने., रविवार
सकाळपासून खुलाशाचा कागद पुढ्यात. तारीख घातली. "मशीन मी उघडले" इतकं लिहून झालं. पुढे एक मशीन की पाच, ते अजून लिहिलेलं नाही.
नमदा आणखी चार मशिनांना पुरेल. पेचकसांना तेल दिलं.