दादा रिक्षाने गेले

आदरणीय भावजींना धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. (वाकलोय तो मनातल्या मनात. प्रत्यक्षात कंबर धरली आहे, एकदा वाकलो की सरळ करायला दोन माणसं लागतात.) पत्राला कारण आहे, पण ते एवढ्यात सांगत नाही. पहिल्याच ओळीत सांगितलं तर तुम्ही दुसरी वाचणार नाही, आणि कागद फाडायचा तर निदान सगळा वाचून फाडावा. तुमची साखर आटोक्यात असेल अशी आशा आहे. ताईचे गुडघे कसे आहेत? आमच्याकडे सगळं ठीक. दुकान ठीक, लोकांचे पंखे जळतात आणि माझी चूल पेटते. आमच्या सौ.चा स्वभाव होता तसाच. दादाची तब्येतही त्याच्या मानाने ठीक आहे. इतकी वर्षं मी तुम्हाला दोन ओळी लिहिल्या नाहीत आणि आज एकदम कागद काळे करायला बसलो, म्हणजे काहीतरी गडबड असणार, असं तुमच्या मनात आलं असेल. तुम्ही पहिल्यापासून हुशार.

तर झालं असं, की दादाच्या गाण्यांचा अल्बम निघाला. आपल्या दादाच्या! फाउंड्रीत जेवणाच्या सुट्टीत, वाळूच्या ढिगावर बसून त्याने रचलेली आणि तुम्ही जेवणाचा डबा उपडा घालून ज्यांना ठेका दिलात, ती गाणी आता मोठमोठ्या गायकांनी थंडगार खोलीत बसून म्हटली आहेत. अल्बमचं नाव ‘अमर घाम’. (दादा म्हणाला, घाम अमर असता तर आंघोळीचं पाणी तरी वाचलं असतं.) हा अल्बम काढायचं गाण्यांच्या एका कंपनीच्या डोक्यात बऱ्याच दिवसांपासून होतं, पण घोडं अडलं होतं. माणूस जिवंत असला की तो शब्द बदलू नका म्हणतो, चाल बिघडवली म्हणतो, त्यामुळे कुणी हात लावायला धजत नव्हतं. ते अडलेलं घोडं मी एका फोनवर हलवलं. त्याबद्दल अजून कुणी माझा सत्कार केलेला नाही.

त्या दिवशी मी एका जुन्या मोटारीला नवी तार गुंडाळून ती चालवून बघत होतो, म्हणजे दुकानात कानठळ्या बसत होत्या. कंपनीतल्या एका मुलीचा फोन आला, दादांशी बोलायचं आहे म्हणाली. मी म्हटलं, दादा गेले. (तो गेला होता छाती तपासून घ्यायला, दवाखान्यात.) मग तिने विचारलं, कधी? म्हटलं, आज सकाळीच. कसे गेले? म्हटलं, रिक्षाने. तिला वाटलं असणार, अपघात. शेवटी जवळ कोण होतं, असं तिने विचारलं, तर मी म्हटलं, कुणी नाही हो, दुकान टाकून मला जाता येत नाही, एकट्यालाच जावं लागतं त्यांना. त्यावर ती रडत म्हणाली, खरंय, शेवटी प्रत्येकाला एकट्यालाच जावं लागतं. मुलगी फारच मायाळू आहे, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात आलं आणि मी मोटारीकडे वळलो.

दोन दिवसांनी पेपरात छापून आलं, ‘कष्टकऱ्यांचा आवाज हरपला’. बातमी वाचून शेजारचे शिंपी समाचाराला आले, दार दादानेच उघडलं. शिंप्यांना आधी पाणी द्यावं लागलं. मी पेपर दादापुढे धरला तेव्हा तो इतका हसला की नाकातली ऑक्सिजनची नळी निघाली आणि पुढचा तासभर आमची तंतरली. पण हसून झाल्यावर म्हणाला, राहू दे असंच. मेलेल्या माणसाबद्दल लोक बरं बोलतात, ऐकून तरी जातो. मीही म्हटलं, राहू दे. नाहीतरी पेपरवाल्यांना खरं सांगायला गेलो असतो तर त्यांनी आतल्या पानावर बोटभर छापलं असतं.

मग त्या मुलीने गाण्यांची नावं कळवली आणि दादाचं हसू मावळलं. पहिलंच गाणं ‘जावई’. भावजी, तुमच्यासमोर ते गाणं लिहायला हात धजत नाही, पण लिहिल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मागल्या दारानं आले हो, जावई मालकाचे आले,
पुढल्या दारी बसलेले भाऊ, उपाशी का मेले?

दादा पुढारी असलेल्या संपात तुम्ही मागच्या फाटकातून कामावर गेलात त्या दिवसाचं हे गाणं. कंपनीला तेच सगळ्यात जास्त आवडलं, कारण त्यावर टाळ्या वाजवता येतात. तुम्ही आणि ताई ज्या गाण्यामुळे गाव सोडून गेलात ते आता पुन्हा कानाकोपऱ्यात वाजणार म्हटल्यावर दादाने अन्न टाकलं. म्हणाला, बाकीची सगळी गाणी घाला चुलीत नाहीतर डोक्यावर घेऊन नाचा, हे एक काढायला सांग.

मी लगेच फोन लावला. म्हटलं, हे गाणं नको अशी दादांची इच्छा आहे. तिकडून कुणी साहेब बोलत होते, त्यांनी माझं व्याकरण सुधारलं, इच्छा होती. मी म्हटलं, आहे. ते म्हणाले, अंतिम इच्छा का? मी म्हटलं, अंतिम कसली, आज सकाळची आहे, अजून आंघोळही व्हायची आहे त्यांची. मग सरळ सांगून टाकलं की दादा जिवंत आहेत, इथे पलंगावर बसून तुम्हाला शिव्या देताहेत. तर साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. म्हणाले, सुरुवातीला असं वाटतं, माझे आजोबा गेले तेव्हा आम्हालाही त्यांची चाहूल लागायची, तुम्ही जरा विश्रांती घ्या. जिवंत माणूस मेल्याचं पटवायला मला एक फोन पुरला होता. तो जिवंत असल्याचं पटवायला मात्र माझी अख्खी जीभ झिजली.

शेवटी म्हटलं, दादालाच घेऊन जावं, पुराव्याला पुरावा. प्रकाशनाच्या कार्यक्रमाला आम्ही दोघं गेलो, छोटा सिलिंडर बाजाराच्या पिशवीत घालून. दारावरच्या माणसाने पिशवी अडवली, बाहेरचं खाणंपिणं आत चालत नाही म्हणाला. मी विचारलं, बाहेरची हवा चालते का? आत मंचावर दादाचा ऐन तरुणपणीचा फोटो होता, भरघोस मिशा, दाट केस. खालच्या खुर्चीतल्या नळी लावलेल्या हाडांच्या सापळ्यात आणि त्या फोटोत कुणाला काय साम्य दिसणार? ओळखणारी माणसंही नव्हती. फाउंड्रीतल्या बहुतेकांना ओतकामाच्या त्याच वाळूने, छातीत बसून, नेलं, उरल्यासुरल्यांना आमंत्रण नव्हतं. सुरुवातीला दादासाठी दोन मिनिटं शांतता पाळली. सगळं सभागृह उभं राहिलं, दादाला उभं राहता येईना, आणि नेमकी तेव्हाच त्याला खोकल्याची उबळ आली. मागच्या बाई कडाडल्या, अहो, गेलेल्या माणसाचा तरी मान ठेवा! भावजी, त्या शांततेत दादा तोंडात रुमाल कोंबून बसला होता, स्वतःच्या मानासाठी. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाईंना वाटलं, मी तरी शहाणा आहे.

आणि मग एका देखण्या गायकाने ‘जावई’ सुरू केलं. सगळं सभागृह ठेक्यावर टाळ्या वाजवायला लागलं, तरुण पोरं रांगांच्या मधल्या जागेत नाचायला लागली. ‘उपाशी का मेले’ला तर शिट्ट्या. दादा माझा खांदा धरून उठला आणि ओरडला. म्हणजे त्याने तोंड उघडलं, शिरा ताणल्या, पण आवाज निघेना, नुसती हवा. सूत्रसंचालकाला वाटलं, कुणी जुने सहकारी भारावून गेले आहेत. त्याने लगबगीने खाली येऊन दादाला हाताला धरून मंचावर नेलं आणि माईक तोंडापुढे धरला. दादाने सगळा जीव गोळा करून म्हटलं, खोटं आहे हे. सूत्रसंचालक भरल्या गळ्याने म्हणाला, होय, त्यांचं जाणं आपल्या सगळ्यांनाच खोटं वाटतं. टाळ्यांचा कडकडाट झाला. दादाला एक पुष्पगुच्छ आणि अल्बम भेट मिळाला.

कार्यक्रम संपल्यावर मी त्या फोनवरच्या मुलीला गाठून दादापुढे उभं केलं आणि फोनवर कोण कुठे गेलं होतं ते उलगडून सांगितलं. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने वाकून दादाचा हात हातात घेतला, तो उबदार लागला तेव्हा तिला पटलं. पण म्हणाली, गाणं आता बाहेर पडलंय, लोकांच्या फोनवर गेलंय, ते कुणालाच परत बोलावता येणार नाही. जास्तीत जास्त, दादांना आणखी काही म्हणायचं असेल तर ती माणूस आणि यंत्र घरी पाठवेल, ते अल्बमला जोडता येईल. घरी आल्यावर त्याने मला पलंगावर बसवलं आणि जे सांगितलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. मला मात्र इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, तुम्हीसुद्धा नाही.

आमच्या आईचं औषध संपलं होतं, संपाच्या निधीत खडखडाट होता, आणि तुम्ही आदल्या दिवशी दादाकडे येऊन विचारलंत, मी आत जाऊ का? दादा म्हणाला, जा, पण मला विचारलंत हे कुणाला कळता कामा नये. दुसऱ्या दिवशी फाटकावरची माणसं कुजबुजायला लागली, पुढाऱ्याचाच मेहुणा फुटला, आणि सगळे दादाच्या तोंडाकडे बघायला लागले. त्याने तिथल्या तिथे ते गाणं रचलं. तुम्ही आणलेलं औषध त्याच संध्याकाळी त्याने स्वतःच्या हाताने आईला पाजलं. आणि तुम्ही आयुष्यभर मालकाचे जावई होऊन राहिलात, तोंडातून एक अक्षर काढलं नाहीत. भावजी, मला तुमचा राग आला. एकदा तरी भांडायचं होतंत. दादाचा राग आला तो वेगळाच, पण त्याच्यावर रागवायला गेलं की त्याला धाप लागते, आणि मग आपणच त्याची पाठ चोळत बसतो.

असो. आता पत्राचं कारण लिहितो. माझी तार कापायची पक्कड तुमच्या सामानातून तिकडे गेली आहे असा मला दाट संशय आहे. तशी पक्कड हल्ली मिळत नाही. पोस्टाने पाठवू नये, हरवेल. समक्षच आणावी. ताईला नमस्कार, तुम्हाला पुन्हा एकदा नमस्कार.

आपला धाकटा मेहुणा,
बारक्या
(वजन आता दुपटीने वाढलं आहे, पण नाव कुणी बदलत नाही.)

ता. क. वर दादाची तब्येत ठीक आहे असं लिहिलंय ती पत्राची रीत झाली. ठीक नाही. डॉक्टर आता आकडे सांगत नाहीत, नुसते चष्मा पुसतात.

ता. क. पक्कड सापडली, गल्ल्याखाली होती. तरी या. यंत्रवाला रविवारी येणार आहे. दादाने ‘जावई’ला शेवटचं कडवं जोडलंय, कोण आत गेला, कुणी जा म्हटलं, औषध कुणाच्या आईचं होतं, सगळं त्यात आहे. कडवं काही खास नाही. एका मात्रेसाठी अख्खी ओळ फेकून देणारा माणूस, पण यमक जुळत नाही म्हटल्यावर म्हणाला, नाही जुळत तर नाही जुळत. त्यात त्याने स्वतःचं नाव घातलंय. तुमच्या नावाची जागा कोरी ठेवली आहे. तुम्हाला न विचारता तुमच्यावर गाणं रचायचं ते एकदा झालं, पुन्हा नाही, असं तो म्हणतो. नाव घालू का, हे त्याला तोंडाने विचारायचं आहे. नको म्हणालात तर तसं येऊन म्हणा. आणि ठेका तुम्हीच द्या, कारण दोन शब्दांच्या मध्ये त्याला किती थांबावं लागतं ते यंत्राला कळायचं नाही.

ता. क. पाकीट चिकटवायला घेतलं तेव्हा दादाने विचारलं, कुणाला लिहितोस? सांगितलं. मग म्हणाला, ते यायचे नाहीत, मी त्यांच्या जागी असतो तर मीही आलो नसतो. आणि नळी नीट करून म्हणाला, पण ते माझ्यासारखे नाहीत.