नाना, तुम्हाला पहिल्या पानावरून काढलं

नाना, धाकट्याच्या बँडची वेबसाइट केली, हे तुम्हाला सांगायचं राहिलंच होतं. वेबसाइट म्हणजे मोबाईलमध्ये उघडणारं दुकान समजा. तुमच्या काळी लग्नघरची माणसं सुपारी द्यायला धुळ्याला आपल्या दुकानावर यायची, बाकावर टेकायची, चहा घ्यायची, आणि तुम्ही क्लॅरिनेट काढून दोन गाणी ऐकवल्याशिवाय तारखेचा विषय निघू द्यायचा नाहीत. आता तीच माणसं शेताच्या बांधावर उभी राहून मोबाईलवर चार बँड बघतात, आणि ज्याचं पान लवकर उघडत नाही त्याला तिथंच सोडतात. मी इथं जळगावात बसून दवाखान्यांच्या, क्लासवाल्यांच्या, सोनारांच्या साइट करते. घरच्या बँडची तेवढी राहिली होती. आई म्हणतेच, गावाचं सगळं करते, आपलं सोडून.

यंदा मात्र करावीच लागली. तुम्ही गेल्यापासून धाकटा एकटा बँड ओढतोय. वरातीत दोन म्हातारे उभे राहून त्याच्या तोंडावर म्हणतात, "वाजवतो, पण नानांची सर नाही." तो हसतो आणि पुढचं गाणं घेतो. तुमच्या क्लॅरिनेटला त्यानं हात लावलेला नाही, स्वतःचा ट्रम्पेट वाजवतो. त्यात डीजेवाल्यांनी अर्धी लग्नं नेली. दिवाळीत ट्रम्पेट पुसता पुसता मला म्हणाला, "अक्का, हा एक सीझन बघतो. नाही जमलं तर बँडची गाडी विकतो आणि शिरपूरला कापसाच्या जिनिंगमध्ये लागतो." आणि हे अगदी सहज म्हणाला. तो रागानं बोलला असता तर मी भांडले असते.

मग बसले कामाला. वाजवणाऱ्याच्या साइटवर माणूस वाचायला येत नाही, ऐकायला येतो, एवढं मला कळतं. म्हणून उघडल्या उघडल्या गाणं हवं, पण आपोआप सुरू होणारं नको. कुणी बैठकीत बसलेलं असतं, एकदम बँड वाजला तर चार लोक वळून बघतात. गाण्याखाली फोनचं बटण, अंगठ्याला सापडेल एवढं मोठं. मग माणसं किती, ड्रेस कोणता, कोणत्या तारखा गेल्या. फोटो हलके, कारण डोंगराकडच्या गावांत रेंज येते आणि जाते. सगळं नेटकं केलं, नाना. आणि पहिल्या पानावर तुम्हाला बसवलं. मामांच्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटमधून तुमचं हळदीचं गाणं काढलं, त्यातली खरखर कमी केली, वर तुमचा लाल कोटातला फोटो लावला. करताना दोनदा रडले. धाकट्याला दाखवलं तेव्हा तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "छान दिसतात." मला वाटलं, गहिवरला.

महिनाभरात बोदवडहून फोन आला. मोठं घर, केळीवाले, घरातलं पहिलंच लग्न. तारीख ठरली, गाव ठरलं, सगळं जुळलं, आणि शेवटी तो माणूस म्हणाला, "फक्त ते लाल कोटवाले बाबा येतीन ना? पोराच्या आजीले तेच पायजेत. चार-पाच वेळा ऐकलं तिनं." आपल्या धाकट्यानं सांगितलं, ते माझे वडील, ते वारले, मी वाजवतो. तर तो माणूस म्हणे, "मंग राहू द्या भाऊ." धाकट्यानं हे सगळं मला फोनवर बातमी सांगावी तसं सांगितलं. शेवटी म्हणाला, "अक्का, साइट चांगली झाली. फक्त ती माझ्या बँडची नाही."

मला राग आला, आधी बोदवडवाल्यांचा, मग त्याचा, आणि स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला घेतली तेव्हा माझा. आणि तिथं, ओट्यापाशी, तुमचा तो आवाज आठवला. मी चौथीत असेन. तुम्ही बाजारात गेलेले, लग्नवाले दुकानात बसलेले. माणसं निघून जातील या भीतीनं मी टेप लावते, त्यात कुठल्याशा मोठ्या वाद्यवृंदाची बाजारातली कॅसेट. माणसं खूश होतात, माना डोलावतात. तेवढ्यात तुम्ही पिशवी घेऊन दारात उभे. थोडं ऐकता आणि खटकन टेप बंद करता. "हाऊ कोणना आवाज शे, पोरी? लगनमा टेप वाजी का आपन वाजाडसूत?" हा आवाज कुणाचा, आणि लग्नात टेप वाजणार की आपण वाजवणार, एवढंच विचारलंत. ओरडला नाहीत, पण चारचौघांत बोललात आणि माझे कान तापले. मग धापा टाकतच तुम्ही क्लॅरिनेट उचललंत. दम लागलेला, पहिला सूर फाटला, तरी वाजवलंत. त्यांनी सुपारी दिली की नाही, ते मला आठवत नाही. म्हणजे बघा, तेव्हा तुमच्या दुकानात दुसऱ्याचा आवाज लावला, आणि आता धाकट्याच्या दुकानात तुमचा.

रविवारची एसटी धरून धुळ्याला गेले. त्याला म्हटलं, वाजव, रेकॉर्ड करायचंय. तो म्हणाला, कशाला, नानांचं आहे ना. मी म्हटलं, गप वाजव. दुकानाचं शटर अर्धं ओढलं, ढोलवाला आला, ताशेवाला पोटभर जेवून आला आणि जांभया देत बसला. पहिल्यांदा धाकटा तुमच्यासारखं वाजवायला गेला. तुमच्या त्या लांबवलेल्या सुरांच्या जागा ट्रम्पेटवर ओढूनताणून आणत होता. मी थांबवलं. म्हटलं, वरातीत घामाघूम होऊन वाजवतोस ना, तसं वाजव. तो चिडला, म्हणाला, "तुला काय कळतं गं त्यातलं?" आणि चिडलेलाच सुरू झाला. तेच हळदीचं गाणं, पण भराभर, मधे मधे तोडून, ताशाला डिवचत. ताशेवाल्याची झोप उडाली. बाहेर रिक्षावाला थांबून हॉर्न देत होता, तोही रेकॉर्डिंगमध्ये आलाय. मी तो तसाच ठेवला.

तर नाना, तुम्हाला पहिल्या पानावरून काढलं. तिथं आता धाकटा आहे, निळ्या शर्टात, गाल फुगवलेला. तुमचा फोटो अगदी खाली, छोटा, हा बँड नानांनी उभा केला अशी एक ओळ. गाणं नाही लावलं तुमचं. वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू. पण परवा शिरपूरहून माणसं दुकानावर आली आणि दारातूनच विचारलं, तो ट्रम्पेटवाला कोण? धाकटा म्हणाला, "मीच." हे त्यानं मला फोनवर तीनदा सांगितलं. सुपारी घेतली. गाडी विकायचं या वेळी काही बोलला नाही. एका सुपारीनं सीझन निघत नाही, मलाही कळतं.

हे सगळं मी त्याच्या साइटवरच लिहितेय. खाली एक चौकट ठेवली आहे, तारीख, गाव, निरोप. ती नीट चालते का बघायला बसले होते, आणि निरोपाच्या जागी तुम्हाला लिहीत सुटले. "पाठवा" दाबलं तर हे धाकट्याच्या मोबाईलवर जाईल, म्हणून दाबणार नाही. त्याचं ते गाणं कापताना, जोडताना मी अख्खी दुपार ऐकलं, आणि त्या दुपारी मला तुमची आठवण आली नाही. तो चांगला वाजवतो, नाना. हे मी अजून त्याला सांगितलेलं नाही.