डाव्या हाताचं वळण

४ फेब्रुवारी

डावा हात. पहिली ओळ. बस्स, दमले.

५ फेब्रुवारी

अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. कालच्यापेक्षा बरी कोंबडी.

९ फेब्रुवारी

आज जरा सविस्तर. डिसेंबरात अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. पाय परत आला. जीभ परत आली — हे म्हणतात ती गेलीच कुठे होती! हात मात्र आला नाही. बोटं थोडी हलतात, पकड नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी ही वही दिली. रोज डाव्या हाताने लिहा, कुणालाही दाखवू नका, म्हणजे अक्षराची लाज वाटणार नाही, म्हणाल्या.

मला अक्षराची कसली लाज? मी टेलरबाई. लाज वाटते ती कात्रीकडे बघायची. तीस वर्षं कापड कापलं. शिलाई काय, मशीन मारतं. कापणं हे माझं.

११ फेब्रुवारी

मुख्याध्यापिकाबाई येऊन गेल्या. लेक पहिलीत होती तेव्हा ह्याच तिच्या वर्गाच्या बाई. एकतीस मार्चला निवृत्त होतायत. त्या दिवशी घालायच्या कोटाचं कापड नोव्हेंबरातच देऊन ठेवलंय. राखाडी, जाड, लोकरीचं; मार्च असला म्हणून काय, हौस. कपाटात तसंच पडलंय. मी म्हटलं, घेऊन जा, दुसरीकडे टाका. तर म्हणाल्या, कोट तुम्ही कापलात तर घालीन, नाहीतर जुन्यात जाईन. आणि चालत्या झाल्या.

आधी राग आला. दया दाखवते की काय ही बाई! मग वाटलं, दया दाखवणारी माणसं तारीख देत नाहीत.

१२ फेब्रुवारी

कात्री काढली. जुन्या चादरीवर खडूने सरळ रेघ मारली आणि डाव्या हाताने कापायला घेतली. कापली कसली, चावली! कापड दोन पात्यांच्या मधे दुमडतं. वरचं पातं नेमकं रेघेवर येऊन बसतं, रेघ दिसतच नाही. अंगठ्याला फोड आला. हे म्हणाले, होईल सवय. कात्री मी फेकली नाही. ठेवली. जोरात.

‘डाव्या हाताचा मळ’ म्हणतात सोप्या कामाला. ज्याने हे काढलं त्याला एकदा डाव्या हाताने चादर कापायला बसवा.

१३ फेब्रुवारी

ती वेडीवाकडी कड सकाळी पुन्हा बघितली. अशी कड मी कुठेतरी पाहिलीय.

आठवलं. बाहुलीचा फ्रॉक. लेक सहा वर्षांची होती. माझी कात्री चोरून तिने चिंधी कापली होती, अशीच चावलेली. मी काय म्हटलं होतं तेही आठवलं — तुझ्या हाताला वळणच नाही.

१७ फेब्रुवारी

ह्यांनी बाजारातून कात्री आणली. पाकिटावर डावखुऱ्या माणसाचं चित्र, हसतोय. मूठ छान आहे, अंगठा बरोबर बसतो. कापड मात्र दुमडतंच! चित्रातला माणूस कशाला हसतोय ते कळलं.

२० फेब्रुवारी

आज एक गोष्ट सापडली. ट्रायलच्या मोठ्या आरशासमोर बसले होते, हातात माझी जुनी कात्री, डाव्या हातात. सहज आरशात नजर गेली. आरशातल्या बाईने ती उजव्या हातात धरली होती. पण तिची कात्री चुकीची! वरचं पातं भलत्याच बाजूला. माझ्या हातात तीस वर्षं होती तशी ती नव्हतीच.

म्हणजे मूठ बदलून काही व्हायचं नाही. कात्रीच आरशातली पाहिजे. पातीच उलटी. मग अंगठा ढकलेल तेव्हा पाती एकमेकींना भिडतील, आता फाकतात. आणि रेघ पात्याच्या बाहेर राहील, दिसेल.

उड्या मारायच्या तेवढ्या मनात मारल्या. मग कात्री खाली ठेवली. बाहुलीचा फ्रॉक तिने डाव्या हाताने कापला होता. ती डावखुरीच होती तेव्हा. मी वळण लावेपर्यंत.

२१ फेब्रुवारी

लेकीला आरशाचं सांगितलं. बाकीचं नाही सांगितलं.

ती टुणकन उठली, मोबाइल घेतला, शोधाशोध केली. अशा मोठ्या कात्र्या मिळतात म्हणे, पण लांबून मागवाव्या लागतात, तीन महिने. कोटाला उरलेत अडतीस दिवस. मग म्हणाली, “आई, उद्या माझ्याबरोबर चल. करूनच बघू.”

विद्यापीठात शेवटचं वर्ष आहे तिचं. सगळा वेळ तिथल्या मेकरस्पेसमध्ये, म्हणजे वस्तू घडवायच्या हॉलमध्ये, पडीक असते. पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा मला वाटलं, पोरगी मेकअप शिकतेय. दोन महिने मी शेजारणींना तेच सांगत होते.

२२ फेब्रुवारी

जाऊन आले! लांबलचक हॉल. एका भिंतीला लाकूडकाम, दुसऱ्या भिंतीला प्लास्टिकचे थर चढवत वस्तू घडवणारी यंत्रं, मधे मोठी टेबलं. प्रत्येक हत्यारामागे भिंतीवर त्याच आकाराची सावली रंगवलीय, म्हणजे काय जागेवर नाही ते लगेच दिसतं. माझ्या कपाटाला हे करायला हवं होतं.

दाराजवळ एक फळी आहे, वर लिहिलंय ‘फसलेलं’. तडकलेले पंखे, अर्धवट चाकं, वितळलेलं काहीतरी. प्रत्येकाला चिठ्ठी — कुणाचं, कधी, कशाने फसलं. नवीन मुलं आधी ती फळी वाचतात. मी आयुष्यभर फसलेलं कापड लपवून ठेवलं, घरात कुणी नसताना जाळलं. इथे मांडतात!

हॉल सांभाळणारे मास्तर लेथवर तीस वर्षं काढलेले आहेत. कमी बोलतात. माझी जुनी कात्री त्यांनी उघडली, बंद केली, कानाशी नेली, पुन्हा बंद केली. म्हणाले, कात्री चांगली वागवलीत. एवढ्यावर मी खूश.

२८ फेब्रुवारी

लेकीने कात्रीचं माप घेऊन कॉम्प्युटरवर चित्र काढलं आणि एक बटन दाबलं. चित्र उलटं! सोळा वर्षांपूर्वी तिचा हात उलटवायला मला दोन महिने लागले, इथे एक बटन. तिला म्हटलं नाही. इथे लिहिते.

आधी पुठ्ठ्याची केली, मग प्लास्टिकची. प्लास्टिकची कागद कापते. रेघ दिसते!

५ मार्च

पोलादाची पाती. जुन्या करवतीच्या पात्यातून कापली, जाड आहेत. कड मी घासायची असं मास्तरांनी ठरवूनच टाकलं. मी म्हटलं, एका हाताने कानस कशी चालवू? त्यांनी शिकंज्यात पातं आवळलं, शिकंज्यावर थाप मारली आणि म्हणाले, “हा तुमचा उजवा हात.”

दोन तास घासलं. घामाघूम. व्यायामवाल्या बाईंना हे सांगणार नाही.

१० मार्च

फसली. पाती जोडली, चकाचक दिसते, धार अशी की नख कापेल. पण कापड? एक बोटभर कापते आणि मग नुसती घसरते. लेकीचा चेहरा पडला. म्हणाली, माझंच काहीतरी चुकलं असणार, हाताने केलेलं माझं कधी नीट होतच नाही, म्हणून तर मी यंत्रांकडे वळले.

कुठे तोंड लपवू असं झालं. हे वाक्य माझं आहे. मीच दिलंय तिला.

फळीवर ठेवायला चिठ्ठी लिहिली. ‘कशाने फसलं’ तिथे जागा कोरी.

११ मार्च

उत्तर पहाटे सुचलं, लोळत पडले असताना. आमच्या गल्लीत धारवाला यायचा तो कात्री उजेडाकडे धरायचा. बंद केलेल्या पात्यांमधून बारीक उजेड दिसला पाहिजे, म्हणायचा, नाहीतर बाई ही कात्री नाही, चिमटा. पाती सपाट नसतात. आतून किंचित बाक असतो, म्हणून ती एका वेळी एकाच ठिकाणी टेकतात आणि ते ठिकाण टोकाकडे सरकत जातं.

हॉलमध्ये जाऊन सांगितलं. मास्तर हसले. त्यांना माहीत होतं! मी विचारलं, मग काल का नाही बोललात? तर म्हणाले, चिठ्ठी तुमची होती.

लबाड माणूस. पण हॉलमधल्या मुलांना बोलावून माझ्याकडून त्यांनी बाक समजावून घेतला. आठ-दहा जण, वह्या काढून. मला बाई म्हणत होते.

१४ मार्च

वाईट दिवस. व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, रोज अर्धा तास डाव्या हाताला पिशवीसारखा मोजा घाला. चांगला हात बांधला की दुखऱ्याला काम करावं लागतं. मी बोलून गेले, शिवेन की मी, त्यात काय.

लेक तिथेच उभी होती. हळू म्हणाली, “पिवळं फूल होतं त्याच्यावर.”

हो, होतं. मीच शिवला होता तो. तिच्या डाव्या हाताचा, बोटं नसलेला, मनगटाला हुक. छान दिसावा म्हणून फूल काढलं होतं! सकाळी घालायचा, झोपताना काढायचा. दोन महिने.

आज अर्धा तास मी घातला. पाण्याचा पेला उचलता येईना. विसाव्या मिनिटाला रडले. ह्यांना वाटलं हात दुखतोय.

२१ मार्च

नवी पाती आली. मास्तरांनी बाक देऊन, तापवून, तेलात बुडवून कडक केली. धार मी लावली. खिळा लेकीने बसवला. उजेडाकडे धरली, बारीक उजेड दिसला.

पहिलं कुणी कापायचं? मास्तर म्हणाले, ज्याने चित्र काढलं त्याने. लेकीने कात्री उचलली. डाव्या हाताने. विचार न करता. मूठच तशी होती, दुसऱ्या हाताला बसलीच नसती. चादरीचा तुकडा, खडूची रेघ. कर्र कर्र करत सरळ शेवटपर्यंत गेली, सुतासारखी.

ती कापडाकडे बघत होती. मग माझ्याकडे. म्हणाली, “आई, मला रेघ दिसतेय.”

मी फक्त कापड हातात घेऊन कड बघत बसले.

२४ मार्च

कोट कापला. मी. डाव्या हाताने. पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या, कॉलर. उजव्या हाताने वजनासारखं कापड दाबून धरलं, तेवढं त्याला जमतं. जाड लोकर लोण्यासारखी कापली जात होती. कुठेही चावलेली नाही. हे दारात उभे राहून नाक ओढत होते, सर्दी झाली म्हणे.

२८ मार्च

शिलाई झाली. बटणं ह्यांनी लावली. दोनदा उसवली मी! तिसऱ्यांदा पास.

आता ते लिहिते, जे टाळत आलेय. उद्या बाई ट्रायलला येणार आणि लेक घरी असणार. ती पहिलीत असताना मी तिला सांगितलं होतं की शाळेतल्या बाईंनीच बजावलंय, डाव्या हाताने लिहायचं नाही. खोटं होतं. बाई तर मुद्दाम घरी आल्या होत्या. राहू द्या, छान लिहितेय, म्हणाल्या होत्या. मलाच लोक काय म्हणतील ह्याची पडली होती. टेलरबाईची मुलगी कात्री डाव्या हातात धरते, म्हणतील. आणि मोजा चढवताना नाव बाईंचं घेतलं.

बाई बोलून गेल्या तर? त्याआधी मीच सांगायला हवं. कोट कापणं सोपं होतं.

२९ मार्च

सांगितलं. सकाळीच, चहा निवत ठेवून. सगळं — बाईंचं, मोज्याचं, फ्रॉकचं. हाताला वळण नाही म्हटलं तेव्हा तिच्या हाताचं नाही, कात्रीचं चुकलं होतं, हेही.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. कप उचलले, विसळले, पालथे घातले. पाठमोरीच म्हणाली, “बाई रस्त्यात दिसल्या की मी रस्ता बदलायचे. सोळा वर्षं. उगाच.” आणि बाहेर निघून गेली.

दुपारी बाई आल्या. कोट खांद्यावर असा बसला की मला स्वतःचाच हेवा वाटला. त्या आरशात बघत असताना लेक परत आली. दारातच थांबली. मग आत येऊन बाईंची कॉलर सरळ केली. डाव्या हाताने. बाईंनी आरशातून बघितलं.

माझ्याशी ती रात्रीच्या जेवणापर्यंत बोलली नाही. जेवताना म्हणाली, मीठ दे.

३१ मार्च

बाई नव्या कोटात गेल्या. संध्याकाळी ही वही लेकीसमोर ठेवली, कोरं पान काढून, आणि म्हटलं, डाव्या हाताने लिही, काहीही. तिने बराच वेळ पेन नुसतं धरलं. मग स्वतःचं नाव लिहिलं. अक्षर सहा वर्षांच्या मुलीचं आहे. मी थांबवलं होतं तिथेच उभं. उद्यापासून एक पान माझं, एक तिचं.