मास्तरगाठ

मास्तर, काकींचा दमा तिकडं वर गेल्यावर तरी थांबला का? मशीनवर बसणाऱ्या म्हाताऱ्या कारागिरांचे गुडघे कसे आहेत? दुकानाच्या दारात झोपणारी लंगडी कुत्री तुमच्याकडंच आली असेल, तिला शिळी भाकर घालत जा. तुमची तब्येत मुद्दाम शेवटी विचारतोय. बरी नसली तर मला काही वाईट वाटणार नाही.

कुंभिवलीला हायवेच्या कडेला आपलं दुकान. ट्रकच्या ताडपत्र्या शिवायच्या आणि बांधूनही द्यायच्या. दोराला मध्येच फास द्यायचा, टोक त्यातून ओवून अंगाचं वजन टाकून खेचायचं, वर दोन वेढे. "घाट चढून पुण्याला जाईस्तवर सुटली नाय पाहिजे. सुटली तर तोंड दाखवू नको." सुई धरण्यापासून सगळं तुम्हीच शिकवलंत. मग मुंबईचे एक साहेब ट्रेलरवरून छोटी शिडाची होडी घेऊन आले. फाटलेलं शीड तुम्ही असं दुहेरी शिवलंत, की धरणावर होडी उभी करायलाही ते आपल्यालाच बोलावू लागले. डोलकाठी उभी करायची, तिला तिन्ही बाजूंनी तारा ताणायच्या, मग शीड चढवायचं. साहेब बजावायचे, शिडाचा दोर हातात धरा, बांधू नका. वारा अंगावर आला की सोडता आला पाहिजे. मी त्याची मनाशी खूणगाठ बांधली. तुम्ही हसलात. "हातात धरायला ती काय म्हैस हाय?"

त्या दुपारी तिघं पाण्यावर. साहेब सुकाणू धरून पुढं बघतायत, आणि तुम्ही गुपचूप दोर कडीला बांधून मोकळे होता. आपली ट्रकवाली गाठ. डोंगरावरून वारा उतरतो, होडी कलते, साहेब ओरडतात, "सोड, सोड." मी गाठीला झोंबतोय, नखं उलटतायत. तुमची गाठ ती, सुटते कशाला. होडी आडवी झाली, साहेबांचा खांदा निखळला. काठावर माणसं जमली तेव्हा त्यांनी विचारलं, दोर कुणी बांधला. तुम्ही माझ्याकडं बोट केलंत. "यानंच. हजारदा सांगितलं, ऐकतो कुठं." आणि ओल्या हातानं माझ्या कानाखाली. तुमच्या घरी काकींच्या हातचं खाल्लं होतं, म्हणून मी तुमचं नाव घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या जागेवर दुसरा बसला होता. लोधिवलीपासून कशेळ्यापर्यंत कुणी मला ताडपत्रीला हात लावू दिला नाही.

पण देव आंधळा नाही, मास्तर. खांदा धरून बसलेल्या साहेबांनी माझी उलटलेली नखं पाहिली होती; ती होडी पुढं त्यांनी मलाच दिली. बुडत, पडत मी शिकलो, आणि आता रविवारी धरणावर पोरांना शिकवतो. पहिलाच धडा तुमचा. दोर कडीला बांधून दाखवतो आणि सांगतो, "हिला मास्तरगाठ म्हणतात. पाण्यावर बांधली की माणूस बुडतो." पोरं खिदळतात. इतकी वर्षं तुमचं नाव असं राखलंय मी.

यंदा कर्जतहून एक मुलगी येते. तुमची नात. तिचं आडनाव ऐकलं तेव्हाच ओळखलं. तिला काही ठाऊक नाही. गेल्या रविवारी सगळी पोरं गेली, ही मागं राहिली. मी ट्रेलरवर आडवी केलेली डोलकाठी बांधत होतो. ती मला म्हणाली, "आजोबा, ही तर मास्तरगाठ. तुमीच बांधताय व्हय? कोण होता हा मास्तर?"

हाच प्रश्न कुणीतरी तुमच्या घरचं विचारील म्हणून मी जगत आलो. मी म्हटलं, "पुढच्या रविवारी सांगतो." तिथंच काठावर सांगणार आहे, चारचौघांत, तुम्ही केलंत तसं.

आता तिनं पाहिलंच आहे, तर तुमच्यापासून काय लपवू. रस्त्याला लागताना डोलकाठी मी तुमच्याच गाठीनं बांधतो, पोरं पांगल्यावर, कुणी बघू नये म्हणून. हायवेच्या खड्ड्यांत ती एकदाही सुटलेली नाही.

हे पत्र शिडाच्या पिशवीत ठेवतोय. तुमचं काही म्हणणं असेल तर रविवारच्या आत दोन ओळी लिहा. उत्तर आलं नाही, तर मी त्या दुपारपासून सुरुवात करणार आहे, सुई धरायला शिकवलंत त्या दुकानापासून नाही.