शेगडीला ठिबकची नळी

मंगळवार, संध्याकाळ. कारंजा.

डोकं अजून तापलेलंच आहे. गॅसची नळी तडकली म्हणून चार दिवस घरमालकाच्या मागे लागले होते. घरमालक म्हणजे भाऊ, त्यांचा भाजीपाल्याचा मळा आहे. आज मी शाळेत असताना ते येऊन दुरुस्ती करून गेले. काय केलं? मळ्यातल्या ठिबक सिंचनाची काळी नळी कापून शेगडीला जोडली! वरून तार आवळली. साबणाचा फेस लावून पाहिला तर बुडबुडेच बुडबुडे. सिलिंडर बंद केला आणि तशीच त्यांच्या घरी गेले.

"भाऊ, ही नळी तुमीच लावली ना?"

"हो. काहून, मॅडम? दोन उन्हाळे वांग्यात होती, तिच्या जोडातून थेंब गयला नाही."

"ते पाणी होतं! हा गॅस आहे!"

"तुमी शिकेल माणसं लय भेता बाप्पा."

भेता! घर त्यांचं, शेगडी त्यांची, मग नीट दुरुस्ती कोणी करायची? मी? हेच ऐकवणार होते, तेवढ्यात आतून, स्वयंपाकघरातून, भाऊंच्या बायको, काकू म्हणाल्या, "बसा ना मॅडम, चहा मांडून राह्यली."

वळून पाहिलं. त्यांच्या शेगडीलाही तीच काळी नळी. तशीच तार.

लबाड माणसाशी भांडता तरी येतं. ह्या माणसाशी काय भांडू? सरळ आत गेले आणि त्यांचा रेग्युलेटर बंद केला. काकू हातात आगपेटी धरून माझ्याकडे बघतच राहिल्या.